लक्ष्मी बारानंतर, पोलीस दहानंतर

कोजागरीची तारीख पंचांगात छापलेली असते. सोसायटीत मात्र ती मतदानाने ठरते. २०२५ साली आश्विन पौर्णिमा आली ६ ऑक्टोबरला, सोमवारी. सोमवारी मध्यरात्रीपर्यंत जागायचं आणि मंगळवारी सकाळी मुलांचे डबे भरून हिंजवडीची बस गाठायची, हे कुणालाच झेपणारं नव्हतं. अशा वर्षी ग्रुपवर दोन पर्याय येतात : अलीकडचा शनिवार की पलीकडचा? अलीकडच्या शनिवारी, ४ तारखेला, द्वादशी होती. चंद्र जवळजवळ पुरा, संध्याकाळीच वर आलेला. पण दसरा त्या वर्षी गुरुवारी, २ ऑक्टोबरला होता; शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस, म्हणजे अर्धी सोसायटी कोकणात. राहिला ११ तारखेचा शनिवार. त्या दिवशी वद्य पंचमी, आणि पंचमीचा चंद्र पुण्यात रात्री नऊ वाजून गेल्याशिवाय उगवत नाही. तोवर पावभाजीची दुसरी फेरी झालेली असते. एखादे निवृत्त आजोबा हे सगळं ग्रुपवर आकृतीसह लिहून पाठवतात. त्यांना तीन अंगठे मिळतात आणि मतदान पलीकडच्या शनिवारच्या बाजूने जातं.

शहरातला मराठी माणूस एरवी घराबाहेर उघड्यावर पाहुणे बोलावायच्या भानगडीत पडत नाही. मुंज-लग्न कार्यालयात, वाढदिवस हॉटेलात, हुरडा दुसऱ्याच्या शेतावर. स्वतःच्या खिडकीखाली, स्वतःच्या शेजाऱ्यांसमोर, आकाशाखाली पंगत मांडायची हौस वर्षातून एकदाच येते. आणि त्यातली खरी गोम अशी की या समारंभाचे यजमान, पाहुणे आणि तक्रारदार ही तीन वेगळी माणसं नसतात.

लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या बागेत दर उन्हाळ्यात गार्डन पार्ट्या होतात. एकेका पार्टीला आठ हजारांच्या आसपास पाहुणे, सुमारे २७ हजार कप चहा, २० हजार सँडविचं आणि तितकेच केकचे तुकडे. आकडे ऐकून छाती दडपते. पण तिथे वर्गणी काढावी लागत नाही, पार्टी दुपारी चारला सुरू होऊन सहाला आटोपते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून "अहो, उद्या आमच्या मुलीची परीक्षा आहे" असं ओरडणारं कुणी नसतं. त्या मानाने सिंहगड रस्त्यावरच्या चार विंगांच्या सोसायटीत शंभर-सव्वाशे माणसांची कोजागरी पार पाडणाऱ्या सांस्कृतिक समितीला एखादं पदक द्यायला हवं.

वर्गणीपासूनच पाहा. घरटी तीनशे म्हटलं की एकटे राहणारे जोशीकाका छापाचे सभासद म्हणतात, "मी एक पेला दूध पिणार, त्याचे तीनशे?" माणशी ऐंशी म्हटलं की सहा माणसांचं एकत्र कुटुंब दुखावतं आणि आजीचं अर्धं तिकीट मागतं. भाडेकरूंकडून घ्यायची की नाही यावर एक उपसमिती बसते. घेतली तर "मेंटेनन्स मालक भरतो ना" असं ऐकावं लागतं, न घेतली तर भाडेकरू दूध पिताना अवघडतात. दरवर्षी एक सद्गृहस्थ "आम्ही येणार नाही" म्हणून वर्गणी देत नाहीत आणि त्या रात्री "सहज फिरायला" म्हणून बागेत उतरतात. त्यांना दूध द्यायचंच असतं. प्रश्न फक्त ते किती आग्रहानंतर घेतील एवढाच.

बाग म्हणजे तरी काय? राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. बिल्डरच्या माहितीपत्रकात या दहा टक्क्यांवर एक गोरी बाई योगासनं करत असते. प्रत्यक्षात तिथे घसरगुंडी, गणपतीचं छोटं देऊळ, ज्येष्ठ नागरिकांचे दोन बाक आणि हिरवळीच्या खाली सांडपाणी प्रकल्पाची टाकी असते. टाकीचा पंप नेमका कधी सुरू होतो हे फक्त वॉचमनला ठाऊक असतं. त्यात ऑक्टोबर हा सप्तपर्णी फुलण्याचा महिना. हे झाड भराभर वाढतं, बारमाही हिरवं राहतं, गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून रस्तोरस्ती आणि सोसायट्यांत ते मुबलक लावलं गेलं. संध्याकाळनंतर त्याच्या फुलांचा वास इतका दाटतो की निम्म्यांना तो सुगंध वाटतो आणि निम्म्यांचं डोकं धरतं. टाकी आणि सप्तपर्णी यांच्या मधोमध वेलची-जायफळाचं दूध ठेवलं, की त्या दुधाला नक्की कशाचा वास येतोय यावर मतभेद होणारच.

हिरवळीचा कैवारी माळी. सोसायटीने पावसाळ्यात मेक्सिकन लॉन घातलेलं असतं आणि त्यावर "चालू नये" अशी पाटी असते. कोजागरीच्या दिवशी त्याच पाटीला दिव्यांची माळ गुंडाळतात. माळी दुपारपासून एकेका खुर्चीकडे संशयाने बघत असतो. मांडववाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय ओल्या मातीत रुततात, आणि रुतलेल्या खुर्चीत बसलेली जाडजूड व्यक्ती कधी कलेल ते सांगता येत नाही. माती ओली असतेच, कारण पुण्यातून मोसमी पाऊस परतायची सर्वसाधारण वेळ ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, आणि तो निघतानाही दारात उभं राहून तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखा रेंगाळतो. शरदाचं निरभ्र आकाश कवितेत मिळतं. समितीने पार्किंगमधली जागा आधीच मोकळी करून ठेवलेली बरी. तिथल्या दोन गाड्यांचे मालक मात्र फोन उचलत नाहीत. ते कोकणातून परतलेले नसतात.

आता दूध.

वीस लिटर दूध आटवून पंधरावर आणायचं, असं समितीत ठरतं. ठरवणाऱ्यांना पदार्थविज्ञान विचारलेलं नसतं. वीस लिटर दूध उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या दुप्पट उष्णता त्यातलं पाच लिटर पाणी वाफ करून उडवायला लागते. म्हणजे उकळी आली की "झालं!" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना खरं काम अजून सुरूही झालेलं नाही हे कळत नाही. भाड्याची मोठी कढई आणि शेगडी सहाला पेटते. पहिला अर्धा तास कढईभोवती गर्दी असते. जो येतो तो एक सल्ला देतो : जायफळ शेवटी घाला, साखर आत्ताच घाला, साखर आत्ता अजिबात घालू नका. साडेसातला गर्दी पावभाजीकडे वळते आणि कढईपाशी उरतात बी विंगमधले एक काका. गळ्याला पंचा, हातात लांब दांड्याचं उलथनं, चष्म्यावर वाफ. ते तळ घासत असतात, कारण एकदा का दूध खाली लागलं की त्या करपट वासाला बदाम-पिस्ते काय, सप्तपर्णीसुद्धा झाकू शकत नाही. त्यांना सोडवायला कुणी येत नाही. कुणी आलंच तर ते विचारतं, "काका, अजून किती वेळ?"

काकांचं उत्तर ठरलेलं. "आटेल तेव्हा आटेल."

मग साडेआठच्या सुमारास जे घडतं ते समितीच्या इतिवृत्तात कधीच येत नाही. काकू लोकांपैकी एक अनुभवी बाई साडीच्या पदराआडून दूध पावडरचं पाकीट काढते. दुसरीच्या हातात कंडेन्स्ड मिल्कचे डबे असतात. फारच घाई असेल तर व्हॅनिला कस्टर्ड पावडर थंड दुधात कालवून ओततात. पाच मिनिटांत दूध असं दाटतं की दोन तास घासणारे काका आपल्याच हाताकडे अभिमानाने पाहतात. त्यांना कुणी काही सांगत नाही. सांगायचं नसतंच.

आणि दुधाबरोबर खायला काय? आयुर्वेद दूध आणि मीठ एकत्र घेण्याला विरुद्धाहार म्हणतो. मराठी कोजागरी या सिद्धांताची दखल घेऊन दुधाआधी भेळ, बटाटेवडा नाही तर पावभाजी देते. ग्रुपवर आयुर्वेदाचे संदेश सर्वात जास्त पाठवणारे गृहस्थ वड्यांच्या रांगेत पहिले उभे असतात. "मध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवतो," असं ते स्वतःहून सांगतात. जुन्या प्रथेत या रात्रीचा नैवेद्य पोहे आणि नारळाचं पाणी असा साधा. तो समितीपुढे मांडला तर वर्गणी परत मागतील.

२०२३ ची कोजागरी तर अनेक समित्यांच्या स्मरणात राहील. २८ ऑक्टोबरला शनिवारच आला होता, म्हणजे मतदानाची गरज नाही, रविवारी झोप नक्की. आणि नेमकं त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. स्पर्श १ वाजून ५ मिनिटांनी, मोक्ष २ वाजून २४ मिनिटांनी. वेध दुपारनंतरच लागलेले. वेधात खायचं नाही असं मानणारे एकीकडे, ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ म्हणणारे दुसरीकडे, आणि मधे वीस लिटर दुधाची नोंदवलेली ऑर्डर. अशा प्रसंगी मराठी समाजात तोडगा निघतोच. पाळणाऱ्यांसाठी दुधात तुळशीचं पान टाकायचं, न पाळणाऱ्यांनी ते पान काढून प्यायचं.

शास्त्राचा आणि सोसायटीचा खरा पेच मात्र घड्याळाचा आहे. लक्ष्मी मध्यरात्री फेरी मारते आणि कोण जागं आहे ते पाहते, अशी श्रद्धा. भारत सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यांच्याप्रमाणे रात्र दहाला सुरू होते आणि सकाळी सहापर्यंत चालते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि २००५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शिक्का मारला. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण त्या यादीत गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, ३१ डिसेंबर यांची आधीच दाटी असते. कोजागरीला त्यात जागा मिळेलच असं नाही. म्हणजे लक्ष्मी येते तेव्हा माइक दोन तास आधीच बंद झालेला असतो, आणि जागे असलेले सगळे जण कुजबुजत असतात.

कुजबुजणं हेही तसं सोपं नाही. एक मीटरवरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या घरात जातं. चार मैत्रिणी भोंडल्याच्या आठवणी काढून हसल्या तर किती, याचं मोजमाप डी विंगमधले एक गृहस्थ दरवर्षी करतात. मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप उघडून ते गॅलरीत उभे असतात आणि आकड्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकत असतात. ९.४७ : ७१. ९.५२ : ७४. ९.५८ ला थेट ८३ लागले होते. तेव्हा शेजारच्या सोसायटीने फटाका लावला होता, पण नोंद आपल्याच नावावर. अनुभवी सेक्रेटरी अशा माणसाशी वाद घालत नाही. तो त्याला अंताक्षरीचा परीक्षक करतो. परीक्षकाला माइक मिळतो, शेजारी पाण्याची बाटली मिळते, आणि अ‍ॅप खिशात जातं. पाच वर्षांत सोसायटीने लिफ्टवर जेवढा खर्च केला त्यापेक्षा हा एक निर्णय जास्त उपयोगी ठरतो.

प्रश्न भिंतीपलीकडच्यांचा उरतो. नियम सांगतो की खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या पातळीहून ५ डेसिबलपेक्षा जास्त जाऊ नये. भिंतीपलीकडची सोसायटीही कोजागरीच करत असते. इकडे "शरद ऋतूतील गाणी", तिकडे झिंगाट. दोन्हीकडचे लोक पलीकडच्यांचा आवाज मोठा आहे याबद्दल एकमताने खात्री बाळगून असतात. ११२ ला फोन कोण लावतो हे कधीच बाहेर येत नाही. पावणेअकराला फाटकाशी दोन पोलीस उभे राहतात, चेअरमन पुढे होतात, "साहेब, बंदच करत होतो" म्हणतात, आणि कुणीतरी चपळाईने दोन पेले दूध आणतं. ड्यूटीवरचे पोलीस ते घेतात की नाही यावर ग्रुपवर दोन मतं असतात. इथे त्यात पडायचं कारण नाही.

या सगळ्यात चंद्र कुठे असतो? हाही भूमितीचाच प्रश्न. पूर्वेच्या विंगेला अकरा मजले, म्हणजे सुमारे ३३ मीटर. बाग तिच्यापासून २० मीटरवर. बागेत उभ्या माणसाला चंद्र दिसायचा तर तो क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास वर यायला हवा, आणि ऑक्टोबरच्या पौर्णिमेला पुण्यात तो तेवढा वर येतो साधारण साडेदहाला. थोडक्यात, माइक दहाला बंद होतो आणि ज्यांच्यासाठी माइक लावला ते पाहुणे साडेदहाला येतात. तोवर सगळ्यांची मान पूर्वेच्या विंगेच्या गच्चीकडे. "तो बघ, तो बघ" म्हणून मुलांनी जे दाखवलं ते शेजारच्या प्रकल्पाच्या क्रेनवरचा दिवा निघतो. गच्चीवर कोजागरी करावी म्हणावं तर तिथे सौर पाणीतापक, मोबाइल टॉवर आणि टेरेसचा दरवाजा उघडायचा नाही असा ठराव. परंपरेने दुधाच्या भांड्यात चंद्रकिरण पडले पाहिजेत. इथे पडतो तो मांडववाल्याचा हॅलोजन. तो बंद करा असं दरवर्षी एक जण म्हणतो. बंद केल्यावर पाचव्या मिनिटाला डासांमुळे पुन्हा लावतात.

पंचमीच्या शनिवारी कोजागरी करणाऱ्यांना आणखी एक बोनस मिळाला. आदल्याच दिवशी, १० ऑक्टोबरला, करवा चौथ होती. उत्तर भारतातून आलेल्या शेजारणी गच्चीच्या दाराशी चाळणी घेऊन उभ्या, आणि टेरेसचा ठराव करणारे चेअरमन किल्ली शोधत धावत. एका रात्रीच्या फरकाने त्याच चंद्राची दोनदा वाट पाहिली गेली. पंजाबी बायका उपाशी होत्या म्हणून त्यांना किल्ली मिळाली. मराठी मंडळी दोन प्लेट पावभाजी खाऊन बसली होती, त्यांचा नंबर लागला नाही.

आश्विनीचा कार्यक्रम मात्र अजून निभावतो. या पौर्णिमेला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. पूर्वी चार भावंडांत थोरल्याचा मान मोठा, बाकीच्यांचं तोंड वाकडं. आता सोसायटीत घरटी एकेकच मूल. जो येतो तो थोरलाच. ओवाळणीची रांग घसरगुंडीला वळसा घालून फाटकापर्यंत जाते, निरांजन वाऱ्याने विझतं, आणि मोबाइलच्या टॉर्चवर औक्षण उरकतं. रांगेत एखादा ४५ वर्षांचा सॉफ्टवेअरवालाही उभा असतो, कारण त्याची आई पुण्याला आलेली असते आणि तिच्या लेखी थोरला तोच.

साडेअकराला उरतात ते रमीवाले. सतरंजीवर सहा माणसं, मधे पत्ते, बाजूला गार झालेलं दूध. त्यांना उठवायला गेलं तर ते शास्त्राधार देतात, आणि तो खरा आहे : कोजागरीच्या व्रतात जागरण करून फासे खेळायला सांगितलं आहे. सोसायटीत फासे कुणाकडे नसतात, पत्ते असतात. लक्ष्मी जर खरोखरच मध्यरात्री या वाटेने गेली, तर तिला जागे सापडतात ते हेच सहा जण आणि त्यातल्या तिघांचे पैसे तिच्याच नावाने हरलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढई. तिच्या तळाला दोन बोटं खरवड, आणि धुणाऱ्या मावशी तिच्याकडे एकदा बघून म्हणतात, "हे माझं काम न्हाई." काकांना पुन्हा पंचा गुंडाळावा लागतो. उरलेल्या चार लिटर दुधाची बासुंदी करून ती समितीने घरी नेली अशी कुणकुण लागते. लॉनवर खुर्च्यांच्या पायांची भोकं मोजत माळी फिरतो.

हिशेब लगेच लागत नाही. कायद्याने वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणजे ऑक्टोबरातल्या दुधाचा जाब अकरा महिन्यांनी विचारला जातो. ताळेबंद मंजूर होतो, लिफ्टच्या कंत्राटावर अर्धा तास जातो, आयत्या वेळच्या विषयांत डी विंगचे परीक्षक उठतात. त्यांच्या हातात एक फोटोप्रत असते.

"केशर, दोन ग्रॅम. हे केशर कुणी पाहिलं का?"

सभागृहात शांतता. खजिनदार कागद चाळतात. मागच्या रांगेतून एक काकू म्हणतात, "रंग तर होता."

"रंग कस्टर्डचा होता," पहिल्यांदाच तोंड उघडून बी विंगमधले काका सांगतात.